हुलग्याच्या मोलाचं नाव

एसटीतनं उतरले, तर उकिरडाच सापडंना.

आता उकिरडा कोन हुडकतंय म्हना. पर पाय आपसूक तिकडंच वळले. मारुतीच्या देवळामागं, चिंचंच्या बुडाला, समद्या आळीचा शेनकूर पडायचा ती जागा. आता तितं सिमिटचा रस्ता झालाय. पान्याची टाकी उभी हाय, निळ्या रंगाची. चिंच गेली. ओल्या राखंचा, कुजल्या कडब्याचा, शेनाचा मिळून एक ऊबदार वास यायचा, त्यो बी गेला. टाकीतनं पानी ठिबकत व्हतं, तेवढाच आवाज. मी सावलीला टेकले.

ह्या जागी मी माझा लेक टाकला व्हता. सुपात घालून.

दचकू नगा. टाकला तो जगावा म्हून टाकला. आमच्याकडची रीतच व्हती तशी.

आमचं गाव अक्कलकोटाच्या पल्याड, शिवंला लागून कर्नाटक. हितं अर्धं बोलनं कानडी, अर्धं मराठी. आईला अव्वा म्हनायचं, धाकल्या भावाला तम्मा. लगीन हून मी ह्या गावात आले तवा मला धड पदर घ्यायला यीत नव्हता. पयली तीन लेकरं माझ्या हातात ऱ्हायली न्हाईत. एक तर डोळं उघडायच्या आदीच गेलं. त्यांची नावं बी ठिवली न्हाईत, म्हून त्यांला हाक मारून रडाया बी येत न्हाय. चौथ्यापायी पोट दिसाया लागलं तसं सासू म्हनली, "ह्याचं कवतिक करायचं न्हाय. कुंची शिवायची न्हाय, पाळना आनायचा न्हाय. आपल्याला हे नगं हाय असं वागायचं." मी तशी वागले. पोटावर हात बी ठिवला न्हाय कवा, लोकांच्या देखत.

पोरगा झाला. काळा, बारका, अंगावर लव. पाचवी झाली, दुसऱ्या दिशी सकाळी सासूनं सूप आनलं. सुपात राख पसरली, राखंवर जुनेराचा तुकडा, त्यावर माझं लेकरू. म्या सूप उचललं आन हितं, ह्या उकिरड्यावर ठिवलं, आन मागं न बगता चिंचंआड झाले. अंगावर दूध फुटलं व्हतं. चोळी भिजली. कोंबड्या उकरत उकरत सुपाजवळ जाया लागल्या तवा मी तोंडात पदर कोंबला.

आमच्या शेजारला मालनबी ऱ्हायची. तिचा नवरा नालबंद, बैलांला नाल मारायचा. तिला आदीच सांगून ठिवलं व्हतं. ती डोईवर पाटी घिऊन आली, जशी काय रोजच्यावानी केर टाकायलाच आलीया. सूप बगून वरडली, "अगे मा! ये किसका पोट्टा पड्या गे हितं?"

कुनी बोललं न्हाय. बोलायचंच नसतं.

"कुनाचंच न्हाय व्हय? मग माझं." तिनं लेकरू उचललं, पदराखाली घेतलं, आन आळीतनं वरडत निघाली, "सापडल्यालं लेकरू हाय, कुनी इकत घेतंय का?" आमच्या दारात आली. मी आतनं मूठभर हुलगं घिऊन आले. हुलग्यापरास हलकं धान्य घरात दुसरं नव्हतंच. जनावरांला घालायचं, आन उरलं तर मानसानं खायाचं.

मालनबी मुठीकडं बगून म्हनली, "एवढंच?"

"एवढंच हाय."

"पोट्टा आख्खा हाय, हात पाय हाय, आन मूठभर हुलगं?"

"काळा हाय की," मी म्हनलं.

"हां, काळा तो हाय." तिनं लेकराकडं बगितलं, जीभ चावून हसू दाबलं. "ले बाई. मला बी कुटं पोसायचंय."

घासाघीस करावीच लागती. मरनाला ऐकू जायाला पायजे की ह्या लेकराची किंमत कायच न्हाय, हे निऊन फायदा न्हाय. हुलगं तिच्या वट्यात पडलं, लेकरू माझ्या वट्यात आलं. सासूनं दारातनंच नाव सांगितलं, हुलगाप्पा. समदी आळी हसली. असं नाव पंचक्रोशीत कुनाचं नव्हतं. कोंड्यावर घेतला त्यो कोंडिबा, दगड म्हनला त्यो दगडू, ही नावं गावोगावी व्हती. हुलगाप्पा एकच. माझा.

आन तो जगला.

दिसामाशी काळाच ऱ्हायला, पर घट्ट झाला. रांगाया लागला तवा चुलीपुढं बसायचा. मी कडईत हुलगं भाजायची. भाजल्या हुलग्याचा वास मातीवर पयलं पानी मारल्यावानी असतो, कोरडा आन खोल. त्येचं पीठ दळायचं, लसून-मिरची वाटून शेंगोळ्या वळायच्या, रटारटा शिजवायच्या. पावसाळी गार वारं सुटलं की माडगं करायचं, त्येची वाफ तोंडावर घ्यायची. मालनबी दारावरनं जाताना वाकून बगायची. "काय गे, माझा माल बरा हाय ना? बिगडला तर मी वापस न्हाय घेनार." आन लेकरू तिला बगून हात पसरायचं. त्येला दोन आया व्हत्या. एक जल्माची, एक उकिरड्याची.

दुंडव्वाचं घर गावाच्या खालच्या अंगाला, वढ्याकाठी. तिची बी लेकरं ऱ्हात नव्हती. एक दिशी सकाळी ती दारात यिऊन उभी ऱ्हायली. डोईवर जळनाची मोळी, तशीच. बस म्हनलं तर बसंना.

"अक्का, तुज्या पोराचं नाव दे की."

"नाव काय दितात व्हय कुनाला? म्हना की तुमी बी."

"तसं न्हाय. तू दे. त्याच्या अंगावरचं अंगडं दे, त्येच्यासंगट नाव दे. घामाचं दे, धुतल्यालं नगं."

सासू आतनं म्हनली, "दिऊ नगं, नावातलं बळ वाटलं जातं." मी दुंडव्वाकडं बगितलं. तिचं पोट मोळीच्या वज्यानं खाली आलं व्हतं. मी पोराच्या अंगातलं अंगडं काढलं आन तिच्या हातात ठिवलं. "हुलगाप्पा," मी म्हनलं. ती बी म्हनली, "हुलगाप्पा." मग मोळी खाली टाकून ती माझ्या पाया पडली, आन उघडं पोरगं तिच्या मोळीतली काटकी वडत बसलं.

तिचा पोरगा जगला. झालं. ही गोष्ट वाऱ्यासारखी गेली.

मग बाया याया लागल्या. ह्या गावातनं, त्या वाडीवरनं, एक तर पार इंडीकडनं चालत आली, तिला मराठी यीत नव्हतं, नुसतं "हुलगाप्पा, हुलगाप्पा" म्हनून पदर पसरत व्हती. मी कुनाला न्हाय म्हनले न्हाय. पोराला अंगडी पुरंनात, मग मी जुन्या लुगड्याची शिवून त्येला घालायची, एक एक दिस घामानं भिजू द्यायची आन मग द्यायची. काय पोरं जगली, काय न्हाय. पर जगली त्यांचंच नाव गावात फिरायचं, त्यामुळं लोकांला वाटायचं समदी जगत्यात. शाळंचे मास्तर बाहेरगावचे. हजेरी घिताना डोक्याला हात लावायचे. "अरे, ही शाळा हाय का हुलग्याचं शेत?"

कारहुनवीला, बैलांच्या सनाला, तर बगायला नगं. बैलांची शिंगं हुरमुंजानं रंगवल्याली, गळ्यात घुंगराच्या माळा, दारात आंबिलीचा आंबूस वास. मालनबीच्या नवऱ्याच्या हातोडीचा टणटण आवाज सकाळपसनं चाललेला. आन संध्याकाळी बैल पळवून झालं की समदे हुलगाप्पे आमच्या अंगनात. ही रीत कुनी लावली ठावं न्हाय, लागली. पोरं धुळीनं माखल्याली, गालाला हुरमुंज लागल्याला. मी मोठ्या भगुन्यात शेंगोळ्या करायची. पोरं एका रांगंत बसायची, काळी गोरी, बारकी थोराड, आन समद्यांचं नाव एकच. वाढताना मला वाटायचं, माझी ती तीन बी ह्यातच कुटं तरी बसल्यात.

माझा हुलगाप्पा वाढायला पुढं असायचा. दुंडव्वाच्या पोराला जास्त वाढायचा, कारन ते लाजरं व्हतं, मागत नसायचं. "खा की तम्मा, माझ्या नावाचा हायस, उपाशी ऱ्हाशील व्हय?" असं म्हनायचा.

मग तो मोठा झाला. सोलापूरला मागावर कामाला लागला. सुट्टीला यायचा तवा केसात कापसाची तुसं असायची, आन कान जड झालेले, मागाच्या आवाजानं. मोठ्यानं बोलायचा. येताना मालनबीला बांगड्या आनायचा. ती म्हनायची, "मूठभर हुलग्याला इतक्या बांगड्या? सौदा लई भारी पडला रे मला."

त्या वरसाचं मी काय सांगत न्हाय. पावसाळा सरत आला व्हता. तो सोलापूरला गेला आन मग त्येला घरी आनला. एवढंच. लगीन ठरवायचं चाललं व्हतं.

मालनबी आमच्या दारात बसून ऱ्हायली, मला शिवली न्हाय. तिनं हातातल्या बांगड्या काढून वट्यात घेतल्या व्हत्या.

आन मग नाव गेलं.

लेकरू गेलं ते मी सोसलं, दुसरा इलाज काय असतो बाईला? पर नाव गेलं ते मला कुनी सांगून गेलं न्हाय. ज्या नावानं पोरं जगत्यात म्हनत व्हते, त्या नावाचा धनीच गेला, तरना. बाया भ्याल्या. मी त्यांला दोस दित न्हाय, मी बी भ्याले असते. एका पोराचं म्हेश झालं, एकाचं गनेश झालं, एकाचं तर शाळंत जाऊन नाव बदलून आनलं. पानवठ्याला एक बाई पोराला "म्हेशा, ए म्हेशा" म्हनून वरडत व्हती. मला बगितलं आन तोंड फिरवून घागर बुडवत ऱ्हायली, भरल्याली घागर. नाव घ्यायला समद्या दारात आल्या व्हत्या. टाकायला कुनीच आलं न्हाय.

एक दुंडव्वा आली. तिच्या घरात लई भांडनं झाली व्हती, नवरा म्हनत व्हता बदल, सासरा म्हनत व्हता बदल. ती माझ्यापुढं बसली आन म्हनली, "अक्का, माझं पोरगं ह्या नावानं उटलं, बसलं, जेवलं. मी बदलनार न्हाय. मला भ्या वाटतंय. पर बदलनार न्हाय."

तिचा हात मी धरला. त्यापरास जास्त कुनी माझ्यासाठी कायच केलं न्हाय, आजपातूर.

म्होरं मी हुलगाप्पाच्या पाठीवर झालेल्या लेकीसंगट सोलापूरला गेले. टॉवेलाच्या कारखान्यात टॉवेल घड्या करायचं काम केलं, डोळं अधू हुईस्तवर. खोलीच्या मागंच माग चालायचे, तो आवाज भिंतीतनं अंगात यायचा. माझा लेक ह्या आवाजात ऱ्हायला व्हता म्हून मला तो आवाज कवा तरास झाला न्हाय. मालनबी गेली, ते मला लई उशिरा कळलं. दुंडव्वा मागल्या उन्हाळ्यात गेली.

आन परवा फोन आला. दुंडव्वाच्या पोराचा. आता त्यालाच नातू झालाय.

"थोरली अव्वा, बारश्याला यायचं. नाव तुमीच ठिवायचं. तुमच्या तोंडानं."

"काय नाव काढलंयस, तम्मा?"

"दुसरं कुटलं? हुलगाप्पा."

"आरं, तू जित्ता असताना नातवाला तुझंच नाव? लोक काय म्हनतील?"

"माझं कुटं हाय ते? तुमच्या लेकाचं हाय. मी नुसतं वापरलं. माझ्या मागं कुनी न्हाय आता ह्या नावाचं. अव्वा असती तर तिनं बी हेच केलं असतं."

मी फोन ठिवला आन भिंतीला टेकून बसले. लेक म्हनली, "आई, काय झालं?" माझ्या लेकाचं नाव पाळन्यात घालनार व्हते. परत. मी आयुष्यात देवाला मागितलं न्हाय असं देवानं आपसूक द्यावं तसं झालं. म्हून ह्या वयात, दुखऱ्या गुडघ्यानं, दोन एसटी बदलून आले. म्हून उकिरड्याला आले आदी.

टाकीच्या सावलीतनं उटले आन वढ्याकाठी गेले. घर आता पक्कं हाय, वर पत्रा न्हाय, सिलॅप हाय. मांडव टाकला व्हता. दारातच तम्मा यिऊन पाया पडला. डोईला टक्कल, मिशी पांढरी. माझा लेक असता तर त्येची बी मिशी अशीच असती.

मला आत त्येच्या सुनंपाशी बसवलं. बार्शीची पोरगी, पल्लवी तिचं नाव. शिकल्याली, बोलाया गोड. लेकरू मांडीवर, गोरंपान, गाल फुगल्याले, डोईला लोकरीची टोपी. मला उटून पाया पडाया लागली तर मी म्हनलं, "बस बाई, वली बाळंतीन तू."

ती बसली. मग दाराकडं बगून हळूच म्हनली, "आज्जी, राग नाही ना येणार? एक विचारू?"

"इचार की."

"मामांचं नाव मी तोंडानं घेत नाही. आमच्या घरची पद्धत आहे. आता बाळाचं तेच नाव ठेवलं, तर मी बाळाला हाक कशी मारू? उद्या हा मस्ती करायला लागला, तर मी मामांच्या नावानं ओरडू का ह्याच्यावर?"

मला हसाया आलं. खरंच हसाया आलं, किती वरसांनी. "आन चार रट्टे घातले तर? सासऱ्याच्या नावानं?"

ती बी हसली, पदर तोंडाला लावून. मग म्हनली, "तसं नाव मला आवडलंय. वेगळं आहे. पण त्याचा अर्थ काय हो? मामा सांगत नाहीत, म्हणतात थोरल्या अव्वांना विचार."

मी सांगितलं. उकिरडा, सूप, राख, कोंबड्या, मालनबी, मूठभर हुलगं. पयली तीन. दुंडव्वाची बी. सांगत गेले तशी तिचं हसनं गेलं. ती लेकराला जवळ वडत गेली, इतकं की ते कुसकुसाया लागलं.

"म्हणजे बाळं जात होती म्हणून?" ती म्हनली.

"व्हय. म्हून."

"बाळ नको आहे असं दाखवायचं?"

"व्हय."

तिनं बाळाच्या टोपीवर हात ठिवला, जसा काय वारा लागंल. मी तिच्याकडं बगत ऱ्हायले. एवढ्या वरसांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला ते नाव म्हंजी माझा लेक वाटायचं, त्याचं हसनं, त्याच्या केसातली तुसं. पर ते नाव भ्यालेल्या बाईचं व्हतं. ज्या घरात भ्या न्हाय त्या घरात ते कशाला न्यायचं?

"तुझी किती लेकरं गेली?" मी इचारलं.

"अगं बाई, नाही आज्जी. हे पहिलंच."

"दवाखान्यात झालं?"

"हो. सोलापुरात. सगळी इंजेक्शनं दिलीत."

"मग तुला हे नाव कशाला?" मी म्हनलं. "तुला काय आवडतं?"

ती लाजली. "श्रेयस."

मला ते नीट म्हनता यीना. तिनं परत परत म्हनून दाखवलं. मी तोंडातल्या तोंडात घोळवलं. हलकं नाव हाय, जिभंवर बसत न्हाय, पर बसंल.

बाया जमल्या. पाळना फुलांनी सजवल्याला. कुनी पाळना म्हनत व्हतं, अर्धा मराठी, अर्धा कानडी, जसं माझ्या वेळला व्हतं तसंच. लेकराच्या आत्यानं मला पुढं केलं. तो दारात उभा, हात जोडून, डोळं माझ्या तोंडावर. मी वाकले. लेकराच्या कानाला तोंड लावलं. दुधाचा आन पावडरीचा वास आला. माझ्या पाठीत बायांच्या बुक्क्या पडाया लागल्या, "कुर्र!" आन मी म्हनलं ते नाव. तिचं. मोठ्यानं बी तेच म्हनलं.

तो जागचा हलला न्हाय. गुगऱ्या वाटून झाल्या, बाया गेल्या, मग माझ्यापुढं यिऊन बसला, त्याची आई बसली व्हती तसा.

"थोरली अव्वा, हे काय केलंत? आता संपलं की ते नाव."

"संपू दे, तम्मा."

"तुमच्या लेकाचं हाय ओ."

"माझ्या लेकाला ते का दिलं, ठावं हाय ना तुला? तुझ्या आईनं का घेतलं, ठावं हाय? त्या पोरीला तसलं भ्या ठावं न्हाय. न्हाय ठावं तेच बरं हाय."

"अव्वानं ह्या नावापायी घरात मार खाल्ला व्हता."

"ठावं हाय मला. म्हूनच तिच्या पतवंडाला भ्याल्यालं नाव द्यायचं न्हाय."

तो टक्कल खाजवत बसला. मग म्हनला, "श्रेयस. मला बी म्हनता यीत न्हाय ते." आतनं लेकरू रडलं, मग पल्लवीनं त्येला नव्या नावानं गप केलं.

दुपारच्या एसटीला तो मला सोडाया आला. पिशवीत गुगऱ्या, खोबरं, एक साडी. मला खिडकीशी बसवलं, पिशवी पायापाशी ठिवली, खाली उतरला. कंडक्टरनं घंटी मारली. तो वळला, उन्हात, हळूहळू चालाया लागला. मी त्येला जल्मभर तम्माच म्हनत आले. माझ्या लेकाचं नाव, तो गेल्यापसनं, मी हाक म्हून मारलंच नव्हतं कुनाला. तोंडातनं निघालंच नव्हतं.

गाडी हलली. मी गजाला धरून तोंड भाईर काढलं.

"हुलगाप्पा!"

"ओ!" तो गर्रकन वळला, धोतर सावरत पळत आला गाडीसंगट. "काय, अव्वा? काय ऱ्हायलं?"

"काय न्हाय," मी म्हनलं. "जा घरी. ऊन लागंल."